एकच खिडकी राखून ठेवली

"पास काढलाय ना आपण? मग हे पैसे आणखी कशाचे?"

आईचा प्रश्न अगदी सरळ होता. मी मात्र त्याचं उत्तर द्यायला दोन आठवडे घेतले. जेवणाच्या टेबलावर स्वित्झर्लंडचा रेल्वे नकाशा पसरलेला, त्यावर तिची चष्म्याची डबी, माझी वही आणि तीन रंगांची पेनं. सप्टेंबरातले आठ दिवस आम्हा दोघींच्या हातात होते. गाडीत बसून डोंगर बघायचे, एवढीच तिची इच्छा. गुडघ्यांमुळे तिला फार चालवत नाही, पण खिडकीशी ती तासन्‌तास बसू शकते. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी जे जे पाहिलं ते सगळं गाडीच्या खिडकीतून पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं तिनेच बोट दाखवून दाखवलेलं. आता दाखवायची पाळी माझी होती.

पास आणि आरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला वेळ लागतो. कारण आपल्या मनात तिकीट म्हणजेच जागा. तिथे तसं नाही. स्विस ट्रॅव्हल पास म्हणजे प्रवासाचा हक्क. तो हाती असला की देशातल्या बहुतेक गाड्या, तळ्यांतल्या बोटी, पिवळ्या पोस्टबस, शहरांतल्या ट्राम आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं आपल्याला खुली. गाडी दिसली, चढलो, रिकामी जागा दिसली, बसलो. तिकीट तपासनीस आला की पास दाखवायचा, बस्स. ठरावीक गाडी नाही, ठरावीक वेळ नाही. पण निसर्गदर्शनासाठी म्हणून ज्या चार-पाच खास गाड्या धावतात, त्यांतल्या काहींत पास असूनही जागेचे वेगळे पैसे मोजावे लागतात. ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या दोघींत आरक्षण सक्तीचं आहे. ग्लेशियर एक्सप्रेसचा झेरमाट ते सेंट मॉरिट्झ हा पूर्ण पल्ला घेतला तर माणशी पन्नासच्या आसपास फ्रँक. पासमध्ये ते धरलेले नसतात.

"म्हणजे गाडीत चढायचे पैसे दिलेत, बसायचे राहिलेत," आई म्हणाली. इतकं नेमकं मला मांडता आलं नव्हतं.

माझ्या पहिल्या आराखड्यात मी सगळंच राखून ठेवलं होतं. ग्लेशियर एक्सप्रेस, दुसऱ्या दिवशी बर्निना एक्सप्रेस, टिरानोहून लुगानोला जाणारी बस (तिलाही आरक्षण लागतं), तिथून गोटहार्ड पॅनोरमा एक्सप्रेसने लुझर्न. आठ दिवसांची वही तासातासाने भरलेली. तेव्हा ती वही बघून मला फार सुरक्षित वाटायचं. कुठे चुकायला जागाच उरली नव्हती.

मग एका रात्री लक्षात आलं की थांबायलाही जागा उरली नव्हती. एखाद्या स्टेशनवर उतरून चहा घ्यावासा वाटला तर काय? आईला एखादं तळं आवडलं आणि ती म्हणाली, "अगं, इथेच बसू या ना जरा," तर मी घड्याळ दाखवणार होते का? पासचे पैसे भरून जी मोकळीक आम्ही विकत घेतली होती, ती मीच एकेक आरक्षण करून परत विकत होते. त्या रात्री मी वहीतलं पान फाडलं आणि नव्याने सुरुवात केली.

आधी पासचा निकाल लावला. साधा पास ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा मिळतो, पण ते दिवस सलग असतात. फ्लेक्स पासमध्ये तेवढेच दिवस महिन्याभरात हवे तेव्हा वापरता येतात. फ्लेक्स महाग पडतो, पण मधल्या विश्रांतीच्या दिवसाचे पैसे वाया जात नाहीत. आमच्या आठ दिवसांत विश्रांतीचा दिवस असा मी ठेवला नव्हता, पण रोज थोडं थोडं थांबणं ठेवलं होतं. शिवाय विश्रांती म्हणून तळ्यावर बोटीने फिरायचं म्हटलं तरी पास लागतोच. म्हणून सलग आठ दिवसांचा घेतला. पास न घेता महिनाभर निम्म्या भाड्यात फिरू देणारं हाफ फेअर कार्डही असतं. एकाच गावी मुक्काम करून मोजक्या दोन-तीन सफरी करणाऱ्याला ते परवडेल. आम्हाला मात्र रोज गाडीत बसायचं होतं, आणि प्रत्येक वेळी तिकीट काढताना 'हे पैसे वसूल होतील का' असा विचार आईच्या मनात यायला नको होता. ती तसा करते. पास असला की एक स्टेशन पुढे जाऊन परत येण्याला काहीच पैसे पडत नाहीत, आणि हे तिला एकदा पटलं की ती मोकळी होते.

आता प्रश्न राहिला ग्लेशियर एक्सप्रेसचा. ही गाडी ठेवावी की काढावी?

२५ जून १९३० रोजी ती पहिल्यांदा झेरमाटहून सेंट मॉरिट्झला निघाली. अंतर २९१ किलोमीटर, आता लागणारा वेळ आठ तास. म्हणजे ताशी चाळिशीच्याही आत. वाटेत २९१ पूल आणि ९१ बोगदे. मीटरगेजचा रूळ, आणि चढ जास्त असेल तिथे दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी. इंजिनाखालचं दातेरी चाक तिच्यात अडकतं आणि गाडी एकेक दात पकडत वर चढते. सुरुवातीची पन्नास वर्षं ही गाडी फक्त उन्हाळ्यात धावायची, कारण फुर्का घाटातला रूळ हिवाळ्यात बर्फाखाली जायचा. त्या वाटेवर श्टेफेनबाख नावाचा एक ओढा आहे. त्यावरचा पूल दर शरदात मोडून, घडी घालून काठाला ठेवत. नाहीतर हिमकडे कोसळून तो वाहून गेला असता. वसंतात पुन्हा जोडायचा. १९८२ मध्ये पंधरा किलोमीटरहून लांब असा फुर्काचा पायथ्याचा बोगदा झाला तेव्हा कुठे हा मार्ग बारमाही झाला. आजही ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत ग्लेशियर एक्सप्रेस धावत नाही. जुना घाटरूळ मात्र रेल्वेवेड्या हौशी मंडळींनी पुन्हा उभा केला, आणि उन्हाळ्यात तिथे वाफेची गाडी चालते. दरवर्षी पूल घडी घालणाऱ्या त्या माणसांचा विचार माझ्या मनातून जात नाही. गाडी पुढच्या वर्षीही यावी म्हणून आज तिची वाट स्वतःच्या हाताने उचलून ठेवायची.

आता महत्त्वाची गोष्ट, जी मला पान फाडल्यानंतर उमगली. ग्लेशियर एक्सप्रेसचे रूळ तिच्या एकटीचे नाहीत. त्याच रुळांवरून, त्याच पुलांवरून, त्याच बोगद्यांतून गावोगावच्या साध्या लाल गाड्या दिवसभर धावतात. त्यांतून शाळेची मुलं जातात, दुकानदार जातात, पाठीला पिशव्या लावलेली म्हातारी जोडपी जातात. त्या गाड्यांना आरक्षण नाही, पास पुरतो. डोंगर तेच, दरी तीच. फरक डब्याचा. खास गाडीच्या डब्याला काच छतापर्यंत वळलेली असते, जेवण जागेवर येतं, कानाला लावायचं माहितीचं यंत्र मिळतं. साध्या गाडीची काच लहान, पण काही जुन्या डब्यांत ती खाली सरकते आणि थंड हवा आत येते. फोटो काढणाऱ्याला तर साधी गाडीच बरी, कारण छतापर्यंतच्या काचेत आतले दिवे आणि समोरच्याचा स्वेटर उमटतो.

मग पन्नास फ्रँक द्यायचे कशाला? उत्तर आईच्या गुडघ्यांत होतं. झेरमाट ते सेंट मॉरिट्झ साध्या गाड्यांनी जायचं तर फिस्प किंवा ब्रिगला बदला, आंडरमाटला बदला, डिझेंटिसला बदला, मग कूरच्या बाजूला पुन्हा बदला. दर वेळी बॅगा उतरवायच्या, फलाट शोधायचा, चढायचं. थेट गाडीत आठ तास एकाच जागी. ते पैसे काचेचे नव्हते, न उतरण्याचे होते. एवढा एकच दिवस बांधायचा आणि बाकीचे सात सोडायचे, असं ठरवलं. मनावरचा भार उतरला.

जागा निवडताना मात्र मी फार वेळ घालवला, आणि त्याचं मला आजही समाधान वाटतं.

या मार्गावरचं सगळ्यात नावाजलेलं दृश्य म्हणजे लांडवासरचा पूल. १९०२ मध्ये बांधून झालेला, ६५ मीटर उंच, सहा दगडी कमानींचा. त्याचे तीन मुख्य खांब बाहेरून परांची न बांधता उभारले. त्या प्रत्येकाच्या पोटात लोखंडी मनोरा, त्यावर यारी, आणि दगड रचला जाईल तसतसा खांब वर. पूल सरळही नाही. शंभर मीटर त्रिज्येचं वळण घेत तो थेट उभ्या कड्यातल्या बोगद्यात शिरतो. वळण असल्यामुळेच आपल्याच गाडीचे पुढचे डबे पुलावर चढलेले दिसतात. पण वळणाच्या आतल्या बाजूला बसलो तरच. कूरहून सेंट मॉरिट्झकडे जाताना ती बाजू उजवी.

तर मग उजवी खिडकी घ्यायची? नाही. कारण झेरमाटहून आलेली गाडी कूर स्टेशनात शिरते आणि तिथून उलट्या दिशेने बाहेर पडते. जी बाजू सकाळी डावी होती ती दुपारी उजवी होते. तोंड पुढे करून बसलेला माणूस पाठमोरा जाऊ लागतो. म्हणजे लांडवासरसाठी झेरमाटहून निघताना डावी बाजू हवी. हे कागदावर गाडी काढून, कागद फिरवून मी तीनदा तपासलं. आई बघत होती. म्हणाली, "लग्नाच्या पंगतीत कोणाला कुठे बसवायचं त्यापेक्षा अवघड आहे गं हे."

दुसऱ्या वर्गात चौघांचं टेबल असतं, दोन जागा एकीकडे आणि दोन समोर. पहिल्यांदा मी शेजारशेजारच्या दोन जागा घेणार होते, एक खिडकीची आणि एक वाटेकडची. मग सुचलं की समोरासमोरच्या दोन खिडक्या घ्याव्यात. दोघींनाही काच. सकाळी आई पुढे तोंड करून बसेल, मी पाठमोरी. कूरनंतर आपोआप अदलाबदल. तिला येणारं दिसेल तेव्हा मला जाणारं दिसेल, आणि दुपारी उलट. समोरासमोर असल्यामुळे डोंगर बघतानाचा तिचा चेहराही मला दिसणार होता. शेजारी बसले असते तर तो दिसला नसता. यासाठी मी जागांचा नकाशा दाखवणाऱ्या ठिकाणीच आरक्षण केलं. त्याआधी एका मध्यस्थ संकेतस्थळावर करून पाहिलं होतं. तिथे जागा निवडताच येत नव्हती, वर सेवाशुल्क निराळं. अर्ध्यावर सोडून दिलं. जागा स्वतः निवडता येत नसेल तर असल्या आरक्षणाचा अर्धा अर्थ गेला असं माझं ठाम मत आहे.

बाकीच्या सात दिवसांसाठी मी आरक्षण केलं नाही, पण तयारी केली. ती तयारी म्हणजे वेळापत्रक समजून घेणं. १९८२ च्या मे महिन्यात स्विस रेल्वेने देशभर एक नियम आणला. प्रत्येक मार्गावर दर तासाला गाडी, आणि ती दर तासाला त्याच मिनिटाला. आठ वाजून चार मिनिटांनी असेल तर नऊ वाजून चारलाही, दहा वाजून चारलाही. पुढे मोठ्या जंक्शनांवर गाड्या अशा जुळवल्या की चारी दिशांनी त्या तासाच्या ठोक्याच्या थोड्या आधी येतात आणि ठोक्यानंतर थोड्या वेळाने सुटतात, म्हणजे एकीतून उतरलेल्याला दुसरी कुठलीही मिळते. गाडी शक्य तितकी वेगाने पळवण्यापेक्षा पुढची गाठ पडेल इतक्या वेगाने पळवायची, हे त्यांचं धोरण. माणसांनी रेल्वेबद्दल केलेल्या विचारांपैकी हा मला सगळ्यात माणुसकीचा वाटतो. गाडी चुकली तर आभाळ कोसळत नाही. तासाभराने तीच येते, डोंगराळ भागातसुद्धा.

मी आईला एवढंच सांगितलं, "ही गेली तर पुढची आहे." तिला ते पटलं नाही. गाडी सुटणं म्हणजे तिच्या आयुष्यभराची धास्ती. प्रत्येक स्टेशनवर ती वीस मिनिटं आधी उभी. फलाटावरच्या घड्याळाकडे बघत राहायची. हान्स हिल्फिकर या अभियंत्याने १९४४ मध्ये आखलेलं ते घड्याळ. त्याचा लाल सेकंदकाटा, टोकाला तबकडी असलेला, वर बारावर येऊन क्षणभर थांबतो आणि मग मिनिटकाटा टुणकन पुढे उडी मारतो. दीड सेकंदाची ती विश्रांती आईने पहिल्याच दिवशी हेरली. "बघ, तोही दमतो," ती म्हणाली.

लुझर्नहून एक दिवस आम्ही गोटहार्डच्या जुन्या मार्गाने गेलो. खालून ५७ किलोमीटरचा नवा बोगदा २०१६ मध्ये सुरू झाला, आणि घाईच्या गाड्या आता वीसेक मिनिटांत डोंगरापलीकडे निघतात. जुना रूळ १८८२ चा. त्यावरून साध्या गाड्या अजून चालतात, पासवर, बिनआरक्षणाच्या. वासेन गावाचं पांढरं चर्च तिथे तीनदा दिसतं. आधी ते आपल्या डोक्यावर टेकडीवर असतं. गाडी डोंगरात शिरते, पोटातल्या पोटात गोल फिरते, बाहेर येते, आणि चर्च आपल्या पातळीवर. पुन्हा वळण, पुन्हा बोगदा, आणि आता चर्च पायाखाली. आईने तिसऱ्यांदा बघून हात जोडले. चर्च बघून की बांधणाऱ्यांना आठवून, मी विचारलं नाही.

ग्लेशियर एक्सप्रेसचा दिवस ढगाळ निघाला.

झेरमाटला पहाटे पडदा सरकवला तर मॅटरहॉर्न शिखराच्या जागी राखाडी भिंत. आधीचे सगळे दिवस मी सकाळी उठून डोंगरमाथ्यांवरच्या कॅमेऱ्यांची चित्रं मोबाइलवर बघायची, आणि जिकडे ऊन दिसेल तिकडे आमचा दिवस वळवायची. तिथल्या प्रवाशांची ही सवयच आहे, आणि पास असला की ती फार उपयोगी पडते. त्या दिवशी कॅमेरे बघून काही उपयोग नव्हता. तारीख, गाडी, डबा, जागा, सगळं ठरलेलं. आम्ही बसलो. आई पुढे तोंड करून, मी पाठमोरी. फिस्पच्या उतारावर पाऊस. आंडरमाटनंतर गाडी दात पकडत ओबराल्प घाटाकडे चढू लागली. २०३३ मीटर, या प्रवासाचा सर्वोच्च बिंदू. तिथे घाटमाथ्यावर एक लाल दीपगृह आहे. ऱ्हाइन नदी इथून जवळच उगम पावते आणि जिथे समुद्राला मिळते तिथल्या दीपगृहाची ही प्रतिकृती. मी आईला आदल्या रात्री त्याची गोष्ट सांगून ठेवली होती. धुक्यात ते आलं कधी आणि गेलं कधी, कळलंच नाही.

मला वाईट वाटलं, खूपच. तीन महिने आधी निवडलेली खिडकी आणि तिच्यात नुसता कापूस. आई मात्र काचेला नाक लावून बसली होती. रुळाच्या कडेचं ओलं गवत, धुक्यातून एकदम समोर येणाऱ्या गाई, दगडावरून ओघळणारं पाणी, असं हातभर अंतरावरचं ती बघत होती. "लांबचं नाही दिसत तर जवळचं दिसतंय की," म्हणाली. आणि खरंच, पुढे आठवणीत राहिलं ते तेच. डिझेंटिसला मठाच्या भिंती धुक्यातून पांढऱ्या दिसल्या. ऱ्हाइनच्या घळीत, जिथे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी अख्खा डोंगर कोसळला आणि नदीने त्या ढिगातून वाट कापली, तिथे धुकं फाटलं. चुन्याच्या पांढऱ्या कड्यांखाली हिरवट पाणी.

कूरला गाडी उलटी फिरली. आता मी पुढे तोंड करून आणि आई पाठमोरी. माझा कागद बरोबर होता. टीफेनकास्टेल मागे पडलं, गाडी डाव्या उतारावरून सरकू लागली, आणि मी म्हटलं, "आई, मागे वळून बघू नकोस, बाजूला बघ." उजव्या खिडकीत आमचे पुढचे लाल डबे कमानींवरून वळत कड्याच्या पोटात जात होते. एक, दोन, तीन. मग आम्ही. काळोख. त्या काही सेकंदांत आईने टेबलावरून माझा हात धरला. समोरासमोरच्या खिडक्या घेतल्या म्हणून तिचा हात तिथे पोचला.

त्यानंतर बेर्ग्यून ते प्रेडा. दोन गावांत सरळ अंतर पाच-सहा किलोमीटरचं, पण चढ चारशे मीटरहून जास्त. म्हणून रूळ स्वतःभोवती गुंडाळत जातो, बोगद्यांतून फिरत, पुलांवरून पुन्हा पुन्हा तीच दरी ओलांडत, आणि दोन गावांत बारा किलोमीटरहून जास्त लांब होतो. बेर्ग्यूनचा चर्चचा मनोरा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, दर वेळी आधीपेक्षा खाली. आई दिशा विसरली आणि हसायला लागली. मीही.

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात लखलखीत ऊन होतं.

बर्निना एक्सप्रेसचं आरक्षण आम्ही केलं नव्हतं. सेंट मॉरिट्झहून तासातासाने सुटणारी साधी लाल गाडी पकडली. हा मार्ग १९१० चा. ओस्पित्सियो बर्निना स्टेशनवर तो २२५३ मीटरवर पोचतो आणि तिथून इटलीतल्या टिरानोला, ४२९ मीटरपर्यंत उतरतो. आणि एवढ्या उतारावर दातेरी पट्टी कुठेही नाही. हजार मीटरला सत्तर मीटर अशा चढावर नुसतं चाक रुळाला धरून राहतं. लांडवासरचा पूल ज्यावर आहे त्या आल्बुला मार्गाला आणि या बर्निना मार्गाला २००८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. पण आईला त्याहून लक्षात राहिलं ते पाणी. घाटमाथ्यावर दोन तळी जवळजवळ खेटून आहेत. एकाचं नाव लेय नायर, म्हणजे काळं तळं. दुसरं लागो बियांको, पांढरं तळं. हिमनदीने दळलेल्या दगडाच्या पिठामुळे त्याचं पाणी दुधासारखं. काळ्या तळ्याचं पाणी डॅन्यूबमार्गे काळ्या समुद्राला जातं, पांढऱ्याचं एड्रियाटिकला. मधे काही पावलांची जमीन. "इथे पाऊस पडतो तेव्हा थेंब कसं ठरवत असेल गं?" तिने विचारलं.

आल्प ग्र्यूमला आम्ही उतरलो. आराखड्यात नव्हतं. दगडी स्टेशन, समोर पाल्यू हिमनदी कड्यावरून लोंबणारी, आणि खाली पार पोस्कियावोची दरी, तिच्या टोकाला तळं चकाकणारं. बाहेरच्या बाकावर कोणी नव्हतं. आईला बसवलं. मी कॉफी आणायला आत गेले. परत आले तेव्हा आमची गाडी सुटायच्या बेतात होती. मी कप खाली ठेवून बॅग उचलली, कारण मला वाटलं, आता ती उठेल, नेहमीसारखी घाईने, काठी शोधत.

ती उठली नाही. शाल पायांवर ओढून घेतली आणि म्हणाली, "जाऊ दे ना. पुढची आहे."

गाडी सुटली. स्टेशनाखालीच रूळ आवळून वळसा घेतो. ती उतारावर नाहीशी झाली, आमच्या पायाखालून उलट दिशेने पुन्हा दिसली, मग झाडांत गेली. बराच वेळ तिची शिट्टी येत राहिली. आई पुढे वाकून मोजत होती, अजून किती वेळा दिसते ते.